वृंदा साठ्येची यादी

वृंदा साठ्येचा मला सहा वर्षं हेवा वाटला. आता ती अमेरिकेत पार उत्तरेला, ॲन आर्बरला राहते, तिथे म्हणे गुडघाभर बर्फ उपसल्याशिवाय गाडी निघत नाही, तरीही वाटतोच. लोकांना दुसऱ्याच्या घराचा हेवा वाटतो, गाडीचा वाटतो, पोरांच्या मार्कांचा वाटतो. मला वृंदाच्या कामांच्या यादीचा वाटायचा. ती आखूड असायची. बस्स, एवढंच. हसा हवं तर, माझी बायको शलाकाही हसते.

आम्ही दोघं टेक्सासमध्ये, अर्विंगच्या एका छोट्या कंपनीत होतो. कंपनी शाळेच्या बसचं सॉफ्टवेअर बनवते. बस किती वाजता येणार, कुठल्या थांब्यावर येणार, हे आईबापांच्या फोनवर नकाशात दिसतं, ते आमचं काम. टीममध्ये सात जण आणि त्यात मराठी आम्ही दोघंच. मी नागपूरचा, ती मिरजेची.

आता ही यादी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर माझा हेवा कोणाला कळायचा नाही. प्रोग्राम लिहिताना काहीतरी राहून जातं. ‘हे नंतर नीट करू’ असं वाटतं. तेव्हा तिथेच कोडमध्ये एक चिठ्ठी लिहून ठेवायची, सुरुवातीला ‘टूडू’ आणि पुढे काय राहिलंय ते. ज्या एडिटरमध्ये आम्ही काम करतो, तो या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून कडेला यादी लावतो. इथवर ठीक आहे. पण कुठलाच प्रोग्राम सगळा आपला नसतो. नकाशा काढायचा कोड कुणा एकाचा, तारखा मोजायचा दुसऱ्याचा. जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या अशा तयार लायब्रऱ्या आपण आणतो आणि एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला म्हणायचं थर्ड पार्टी. त्या लोकांनीही आपापल्या चिठ्ठ्या लिहिलेल्या असतात, आणि एडिटरला काय कळतंय, तो त्याही तुमच्याच यादीत ओततो.

मी नवीन लागलो तेव्हा माझ्या यादीत साडेचार हजार कामं होती. मी घाबरलो. पण मी मेहनती माणूस. पहिल्याच आठवड्यात मी वरून सुरुवात केली आणि कुणा अनोळखी माणसानं ‘हे कधीतरी सुटसुटीत करायला हवं’ असं लिहून ठेवलेलं एक काम दोन दिवस खपून करत बसलो. तिसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीमागे कुणीतरी चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

“हे कोणाचं आहे?”

मागे एक बुटकीशी बाई उभी होती. सुती कुर्ता, जीन्स, केस एकाच पिनेत कसेबसे बसवलेले आणि हातात स्टीलचा पेला. अमेरिकेतल्या ऑफिसात स्टीलचा पेला! चहाला गवती चहाचा वास येत होता.

“यादीत आलंय,” मी म्हणालो.

“यादीत येईल रे. पण कोणाचं आहे?”

तिनं पेला माझ्याच टेबलावर ठेवला, माझा माउस घेतला, सेटिंग उघडलं आणि थर्ड पार्टीचा अख्खा फोल्डर यादीतून वगळून टाकला. साडेचार हजारांची एकसष्ट झाली. मला बरं वाटायला हवं होतं. मला मात्र दोन दिवस फुकट गेल्याची लाज वाटली आणि तिचा रागच आला.

“परक्याची कामं आपल्या यादीत कशाला?” ती म्हणाली. “त्यांचं ते बघतील. फक्त ही एक फाइल वगळायची नाही हं. नकाशाची. लायब्ररी परक्याची आहे, पण ती बसचा थांबा रस्त्याच्या कुठल्याही बाजूला दाखवायची, म्हणून मी तिच्या आत एक ओळ घातलीय. आता नकाशा तुझ्याकडे आलाय, तेव्हा तुझ्याही यादीत ही चिठ्ठी राहील. नवीन आवृत्ती घेशील तेव्हा ती ओळ परत घालायची. हात लावला की ते आपलं.”

एवढं बोलून ती पेला घेऊन गेली. घरी जाताना मी तिची स्क्रीन बघितली. तिच्या यादीत नऊ कामं होती.

त्या दिवसापासून मला खोडच लागली. पाणी भरायला जाताना तिच्या टेबलावरून जायचं आणि आकडा बघायचा. सरळ रस्ता दुसरीकडून होता, तरी मी वळसा घालून जायचो. आज सात. आज आठ. आज सहा! माझी बाटली दिवसातून पाच वेळा रिकामी व्हायची. तिला वाटायचं मी तब्येतीला जपतो. “बरंय बाबा, तू पाणी पितोस. मला आठवतच नाही,” असं ती कौतुकानं म्हणायची. काय सांगणार होतो मी तिला?

सकाळी आल्या आल्या ती यादी स्वतःशीच मोठ्यानं वाचायची आणि शेवटी म्हणायची, “आपलं सात.” मग केळं सोलायची. केळ्यावरचा, सफरचंदावरचा स्टिकर काढून मॉनिटरच्या कडेला चिकटवायची. तिच्या मॉनिटरला चारी बाजूंनी फळांच्या स्टिकरांची झालर होती. खिडकीत गवती चहाची कुंडी, तिला रोज मोजून अर्धा पेला पाणी. दुपारी चार वाजता, टेक्सासचं ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर पोळेल, अशा उन्हात ही छत्री घेऊन पार्किंग लॉटला तीन फेऱ्या मारायची. अमेरिकन लोक काचेतून बघायचे, आभाळात ढग शोधायचे. पाच वाजता लॅपटॉप बंद. फोनवर ऑफिसची मेलच ठेवलेली नाही.

मी सात वाजेपर्यंत बसायचो. माझी यादी तेव्हा कधी चाळीसच्या खाली आली नाही. कारण, राजेहो, मला नाही म्हणता यायचं नाही. कोणी म्हणालं, “अभय, जरा हे बघशील?” की घेतलंच. लोक माझं कौतुक करायचे. वृंदाचं कोणी कौतुक करत नसे, पण काही अडलं की सगळे तिच्याकडेच जायचे. याचाही मला हेवा वाटायचा.

ऑफिसबाहेर तर काय बघायलाच नको. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला सगळे मिळून स्वयंपाक करतो. त्या वर्षी वृंदाकडे कोशिंबीर होती. तिनं ती वेळेवर आणली, झाकून ठेवली आणि खुर्चीत निवांत बसली. इकडे वरणाचं पातेलं अजून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, पुऱ्यांना तेल कमी पडलेलं, मी तीन ठिकाणी धावतोय, घामाघूम. प्रधानकाका, मंडळातले सगळ्यात जुने, चाळीस वर्षांपूर्वी आलेले डॉक्टर, ते वैतागून म्हणाले, “अगं वृंदा, तू कशी बसलीस गं?”

“काका, माझी कोशिंबीर झाली ना,” ती म्हणाली. “पुऱ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारलं मी, हवीय का मदत. ते नको म्हणाले.”

मी मनात म्हटलं, बाप्पा, काय ही बाई! पण त्याच कार्यक्रमात तिनं हॉलमधली घडीची टेबलं सरकवायला हात लावला होता, कारण कोणालातरी जागा हवी होती. कार्यक्रम संपला, सगळे डबे उचलून पांगले. ती टेबलं देवळातून आणलेली होती, परत कोणी पोचवायची ते कोणालाच माहीत नव्हतं. वृंदा थांबली. मंडळाचा मुलगा ट्रक घेऊन यायला पाऊण तास लागला, तोवर एकटी थांबली. आम्ही घरी निघालो होतो. “तुम्ही जा रे, मी हात लावलाय ना,” असं म्हणून तिनं आम्हाला लावून दिलं.

गाडीत शलाका म्हणाली, “वृंदाकडून शिक काहीतरी.”

“काय शिकू? बसून राहायला?”

“किती जळतोस रे!” शलाका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत हसली. मला ते फार लागलं, कारण खरं होतं.

मग आमच्याकडे लीडची, म्हणजे टीमच्या प्रमुखाची, जागा निघाली. आमचा मॅनेजर ग्रेग, साधा माणूस. त्यानं सरळ सांगितलं की तुम्हा दोघांपैकी एक. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत एका मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या शाळा चालवणाऱ्या मंडळाला, नकाशा दाखवायचा, तो झाला की ठरवू. वृंदा “ओके” म्हणाली आणि फेरी मारायला गेली. तिला ती जागा नको होती असं नाही. नंतर एकदा तिनं सांगितलं की तिनं आईला मिरजेला फोन करून कळवलंसुद्धा होतं, होईल बहुतेक म्हणून.

मला मात्र ती जागा हवीच होती. मी ठरवलं की नकाशाच्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्यायची, नकाशा झकास दिसला पाहिजे, आणि ग्रेग माझ्या टेबलाशी येईल तेव्हा यादीत शून्य दिसलं पाहिजे. वृंदाचं कधी शून्य झालं नव्हतं, कारण ती नकाशाची चिठ्ठी कायम उरायची. मी दहा दिवस राबलो. एकेक काम संपवलं. शेवटी माझ्याही यादीत ती एकच उरली. ‘ही ओळ आपली आहे, नवीन आवृत्ती घेताना परत घालणे.’

ते घालणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण ओळ घातली तरी चिठ्ठी यादीत उरणारच, आणि ग्रेगला शून्याऐवजी एक दिसणार. मी सेटिंग उघडलं आणि ती एक फाइलही वगळून टाकली. अख्खा थर्ड पार्टी बाहेर. यादीत शून्य. सांगू का, त्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. ग्रेग आला, त्यानं बघितलं, खांद्यावर थाप मारली. त्या आनंदात मी नवी आवृत्ती घेतली आणि नकाशा डिस्ट्रिक्टला पाठवून दिला. ओळ घालायची राहिली. राहिली कसली, ती आठवण करून देणारी चिठ्ठीच मी डोळ्यांसमोरून काढली होती. नव्या फाइलनं जुनी फाइल पुसली, ओळ गेली, चिठ्ठीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाचा आवाज आला, “आपलं सात.” मग केळं न सोलताच ती माझ्याकडे आली.

“अभय, काल माझी आठ होती. मी एकही काम केलेलं नाही, आणि आज सात आहेत.”

“चांगलंय की!”

“चांगलं कसं? माझं एक काम कुठे गेलं?”

ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. आम्ही नकाशा उघडला. मला तर पहिल्या थांब्यालाच कळलं. कितीतरी थांबे रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसले होते. वृंदा म्हणाली, “चल, बघून येऊ.” तिच्या गाडीतून आम्ही दहा मिनिटांवरच्या एका थांब्यावर गेलो. सहा लेनचा रस्ता. ज्या अपार्टमेंटमधली मुलं बसला येतात ती या बाजूला, आणि फोनमध्ये थांबा दाखवतोय समोर, टायरच्या दुकानापुढे. ती छत्री उघडून फुटपाथवर उभी राहिली. ट्रक असे धडाधड चाललेले.

“सोमवारी मुलांनी हे ओलांडायचं?” ती म्हणाली. ओरडली नाही. मला वाटलं ओरडली असती तर बरं.

पाचच्या आत तिनं ओळ परत घातली, मी सगळे थांबे तपासले, नवा नकाशा गेला. शाळा अजून उघडायच्या होत्या, एकाही आईबापापर्यंत चुकीचा नकाशा पोचला नव्हता. पण डिस्ट्रिक्टला कालचा नकाशा टाकून द्या म्हणून कळवावं लागलं, त्यामुळे शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ग्रेगनं विचारलं, “हे झालं कसं?”

मी वृंदाकडे बघितलं. ती पेल्यात बघत होती. ती सांगेल असं मला वाटलं. किंवा ‘आमच्याकडून राहिलं’ असं म्हणून सांभाळून घेईल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. माझं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, “लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत गडबड होती. थर्ड पार्टी.”

“आह, थर्ड पार्टी,” ग्रेग म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. असं व्हायचंच, सगळ्यांनाच अनुभव. वृंदानं मान डोलावली नाही.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. “तू काही बोलली नाहीस?”

“ते माझं नव्हतं,” ती म्हणाली, आणि चार वाजले होते म्हणून छत्री घेऊन खाली गेली.

दोन आठवड्यांनी मी लीड झालो. वृंदानं सगळ्यांत आधी अभिनंदन केलं, तेही मनापासून. घरून बेसनाचे लाडू करून आणले. मी ते खाल्ले आणि चांगले लागले, याचाही मला राग आला. आता पुढची दोन वर्षं मी तिचा बॉस. तुम्हाला वाटेल हेवा संपला असेल. कसला संपतोय! उलट वाढला. मी वळसा घालून पाणी भरायला जातच होतो. ती टोमणा मारत नसे, आठवण काढत नसे, पाचला लॅपटॉप बंद करून निघून जायची. असं कसं जमतं एखाद्याला, या विचारानं मला झोप यायची नाही. आणि एक गोष्ट. ती नकाशाची फाइल मी माझ्या यादीत परत आणली नाही. थर्ड पार्टीचा फोल्डर वगळलेलाच राहू दिला. वृंदा बघते ना, म्हटलं. खरं म्हणजे त्या फाइलचं नावसुद्धा मला बघवत नव्हतं.

मग तिला ॲन आर्बरला नोकरी मिळाली. लीडची.

शेवटच्या दिवशी ब्रेकरूममध्ये केक कापला, मग ती आपली कामं एकेकाला देत बसली. नकाशाची ती कायमची चिठ्ठी तिनं टीममधल्या कार्लोसला दिली, त्याच्या मशीनवर सेटिंग स्वतः करून दिलं, ‘हात लावला की आपलं’ हे त्याला इंग्लिशमध्ये समजावलं. मग मला बोलावलं. मॉनिटरची झालर खरवडून काढली होती, नुसता डिंक राहिला होता. यादीत शून्य होतं.

मी सहा वर्षं तिचा आकडा बघितला होता, पण तिचं सेटिंग कधी बघितलं नव्हतं. “काय काय वगळतेस ते तरी दाखव,” मी म्हणालो. तिनं उघडलं. थर्ड पार्टीचा फोल्डर, आता नकाशाच्या फाइलसकट. आणि अगदी शेवटच्या ओळीत माझं नाव. ‘अभय’ असं नाव ज्या चिठ्ठीवर असेल ती दाखवू नये.

आमच्याकडे चिठ्ठीवर नाव लिहायची पद्धत नव्हती. कोणीच लिहीत नसे.

“म्हणजे मी थर्ड पार्टी?” मी हसून म्हणालो, पण मला हसू येत नव्हतं.

“अरे, तुझ्या नावाचं आहे ते,” ती म्हणाली. “तुझं तू करशील. मी माझ्या यादीत ठेवलं असतं तर मला रोज दिसलं असतं, आणि रोज तुझा राग आला असता. मला नको होता यायला.”

मग तिनं पेला पुसून पर्समध्ये टाकला, खिडकीतली कुंडी उचलली. “येते रे. पाणी पीत जा,” म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

मी माझ्या टेबलाशी आलो. वगळलेला फोल्डर परत आणला. यादी भळाभळा भरली, पुन्हा हजारांनी, सगळ्या परक्यांच्या चिठ्ठ्या. त्यात माझं नाव शोधलं. एकच सापडलं. नकाशाच्या फाइलमध्ये, तिनं परत घातलेल्या ओळीच्या बरोबर खाली. बाकी सगळा कोड इंग्लिशमध्ये, पण ही चिठ्ठी रोमन अक्षरांत मराठीत होती. सातांपैकी तिच्याशिवाय मला एकट्यालाच वाचता येईल अशी.

‘टूडू अभय: ही ओळ कशी गेली होती ते सगळ्यांना सांगणे.’

तारीख त्याच शुक्रवारची. मीटिंगनंतरची, फेरी मारून आल्यावरची. दोन वर्षं ती तिथे होती, आणि मी तो फोल्डरच मिटून ठेवला होता. वृंदा ती कधी बघतच नव्हती, कारण ते तिचं नव्हतं. आणि मी मात्र सहा वर्षं रोज पाच वेळा तिचं मोजत होतो.

पुसायला एक बटण पुरलं असतं. काम झालं काय किंवा पुसलं काय, माझ्या नावापुढे शून्यच दिसतं. माझं बोट गेलंही होतं तिथे, खोटं कशाला बोलू.

मी उठलो आणि ग्रेगच्या खोलीत गेलो. उभ्यानंच सांगितलं, सगळं, शून्य दिसावं म्हणून काय केलं तेही. ग्रेग ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “वृंदाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून.”

तो मला काढून टाकेल, ओरडेल, असं काय काय मनात येऊन गेलं. त्यानं फक्त खुर्ची वळवली आणि खिडकीतून खाली बघितलं. मीही बघितलं. खाली पार्किंग लॉटमध्ये वृंदा शेजारच्या सीटवर गवती चहाची कुंडी ठेवून तिला सीट बेल्ट लावत होती. नीट बसला ना, म्हणून तिनं बेल्ट एकदा ओढून बघितला.

“आणि आपण हिला जाऊ दिलं,” ग्रेग म्हणाला.

तिनं वर बघितलं नाही. गाडी मागे घेतली, उजवीकडचा सिग्नल दिला आणि वळून गेली. सोमवारी सकाळी टीमला सांगितल्यावर मी ती चिठ्ठी पुसली. कडेला माझ्या नावापुढे शून्य आलं. मी बाटली घेऊन उठलो आणि सवयीनं तिच्या रिकाम्या टेबलावरून वळसा घालून पाणी भरायला गेलो.